लेन्स आणि नळाचं पाणी

घरातल्या कुणी कॉन्टॅक्ट लेन्स लावायचं ठरवलं की पहिली शंका ठरलेली असते, ‘डोळ्याच्या मागे गेली तर?’ दुसरी स्वयंपाकघरातून येते, ‘गॅसपाशी उभं राहून वितळली तर?’ दोन्ही गोष्टी होत नाहीत. पण या दोन शंकांची इतकी चर्चा होते, की ज्याची खरोखर धास्ती बाळगायला हवी ते बेसिनच्या नळातून वाहत असतं आणि तिकडे कुणाचं लक्षही जात नाही.

मागे जाण्याचं आधी निकालात काढू. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. तोच वळून पापणीला आतून अस्तर लावतो. त्यामुळे वर आणि खाली शिवलेल्या खिशासारखी बंद घडी तयार होते. लेन्स सरकून त्या घडीत बसू शकते, पण पुढे वाटच नाही. खिशात काय काय साठू शकतं ते मात्र २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ६७ वर्षांच्या एका बाईंच्या डोळ्यातून आधी १७ लेन्सचा चिकटलेला गोळा निघाला, मग आणखी १०. त्या ३५ वर्षं लेन्स वापरत होत्या. डोळा चुरचुरतो तो वयामुळे आणि कोरडेपणामुळे, अशी त्यांची समजूत होती. थोडक्यात, लेन्स हरवते ती आपल्या मोजदादीतून.

आणि गॅस? बहुतेक मऊ लेन्स कारखान्यात १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत निर्जंतुक होऊनच पाकिटात येतात. फोडणीच्या धगीने त्यांचं काही बिघडत नाही. तेल उडालं तर डोळा भाजेल, पण तो लेन्स नसतानाही भाजेलच.

आता पाणी. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे पाणी. बाहेरून आलं की पाय धुवायचे, डोळ्यात कचरा गेला की हबके मारायचे. लेन्स जमिनीवर पडली की हात आपोआप नळाकडे जातो तो याच संस्कारामुळे. आणि नेमका हाच संस्कार लेन्सच्या बाबतीत उलटतो.

मऊ लेन्स म्हणजे मुळात पाणी पिणारं प्लास्टिक. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी १९६१ च्या नाताळात स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रावर अशा लेन्स ओतल्या. ती मऊ पडते आणि डोळ्याला बोचत नाही, ती पाणी धरून ठेवते म्हणूनच. पण नळाच्या पाण्यात अश्रूंइतके क्षार नसतात. त्यात बुडाली की लेन्स फुगते, आकार बदलते आणि बुबुळाला घट्ट चिकटते. शिवाय पाण्याबरोबर त्यातले जीवही येतात.

त्यांतला सर्वांत चिवट म्हणजे अकँथअमीबा. हा एकपेशीय जीव नळात, टाकीत, विहिरीत, तरणतलावात, समुद्रात, मातीतही असतो. पाणी प्यायलात तर तो काही करत नाही. पण लेन्सला चिकटून बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर पोचला आणि तिथे बारीकसा ओरखडा सापडला, की आत शिरतो. संकट दिसलं की दुहेरी भिंतीचं कवच करून बसतो. क्लोरीनलाही दाद देत नाही. त्यावरचे उपचार महिनोन् महिने चालतात, आणि काहींना दृष्टी गमवावी लागते.

‘आमच्याकडे आरओचं आहे’, ‘आम्ही उकळून घेतो’ ही उत्तरं पिण्यापुरती ठीक. मशीनच्या तोटीतून किंवा पातेल्यातून आलेलं पाणी निर्जंतुक राहत नाही. घरी मीठ घालून सलाईन करण्याचा प्रयोगही होऊन गेलाय. १९८० च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून लेन्स ठेवायची पद्धत होती. या अमीबाचे रुग्ण वाढले तेव्हा तपासात बोट तिकडेच गेलं. बाजारातलं सलाईनसुद्धा फक्त खळबळण्यासाठी असतं, ते जंतू मारत नाही. म्हणून विहिरीत सूर मारण्याआधी, समुद्रात शिरण्याआधी, अंघोळीला जाण्याआधी लेन्स काढून ठेवायची. हात साबणाने धुवायचे ते हवेतच, पण नंतर कोरडे पुसायचे. ओल्या बोटावर बसलेली लेन्स म्हणजे पुन्हा नळाचंच पाणी.

डबीची गोष्ट याहून साधी आणि जास्त दुर्लक्षित. कालचं सोल्युशन तसंच ठेवून वर थोडं नवं ओतणं म्हणजे उरलेल्या वरणात पाणी वाढवणं. जंतू मारायची ताकद काल रात्रीच खर्ची पडलेली असते. रोज डबी रिकामी करायची, आतून सोल्युशनने चोळायची, पुसायची आणि उघडी पालथी ठेवायची. दर तीन महिन्यांनी नवी. आणि बाटलीवर ‘चोळण्याची गरज नाही’ असं लिहिलेलं असलं तरी लेन्स तळहातावर बोटाने चोळावी, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरही तेच सांगतात.

झोपेबद्दलचा गैरसमज जाहिरातींनी वाढवला. बुबुळाच्या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. पापणी मिटली की तो पुरवठा जवळपास एक तृतीयांशावर येतो. नव्वदीच्या अखेरीस आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्समधून प्राणवायू खूप जास्त जातो, म्हणून त्या लावून झोपलं तरी चालतं असं लोक समजतात. पण प्रश्न केवळ हवेचा नाही. मिटलेल्या डोळ्यात अश्रू साचून राहतात आणि जंतूंना निवांत वेळ मिळतो. लेन्स लावून झोपणाऱ्यांना संसर्गाचा धोका सहा ते आठ पट असतो. विरार ते चर्चगेट खिडकीपाशी लागलेली डुलकीही झोपच.

‘महिन्याची लेन्स’ हा शब्दही फसवतो. महिना पाकीट फोडल्यापासून सुरू होतो. गणपतीत दोनदा, दिवाळीत एकदा लावली म्हणून ती नवी राहत नाही.

लग्नसराईत पार्लरमध्ये मिळणाऱ्या रंगीत लेन्सना नंबर नसतो, म्हणून डॉक्टर कशाला, असं म्हटलं जातं. नंबर शून्य असला तरी लेन्सचा बाक आपल्या बुबुळाला जुळावा लागतोच. करवलीची लेन्स नवरीला लावणं म्हणजे तिच्या डोळ्यातले जंतूही उसने घेणं. अमेरिकेत २००५ पासून अशी लेन्सही वैद्यकीय उपकरण मानली जाते आणि चिठ्ठीशिवाय विकता येत नाही.

चष्म्याची चिठ्ठी दाखवून लेन्स मागवणाऱ्यांसाठी एवढंच: चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असतो, लेन्स डोळ्यावरच. म्हणून उणे ८ चा चष्मा असणाऱ्याला लेन्स उणे सव्वासातच्या आसपास लागते. सिलिंडर नंबर किंवा चाळिशी असली तर लेन्स नाही, हेही आता खरं नाही.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढायची आणि चष्म्यावर यायचं. घरातल्या खणातले जुने थेंब घालायचे नाहीत. त्यांत स्टेरॉइड असलं तर लाली उतरते आणि आत संसर्ग पसरत राहतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना लेन्स आणि डबी सोबत न्या. दोन्ही धुऊ नका. डोळ्यात कोणता जीव शिरलाय ते प्रयोगशाळेला त्या न धुतलेल्या डबीतूनही सापडू शकतं.