ढालीवरचं कडं

हिंगण्याच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे तो पूर्वीपासून रंगवतो. आता टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी २८ मिलिमीटर उंचीचे रोमन शिपाईही रंगवू लागला आहे. पातळ तपकिरी रंगाचा हात दिला की तो अंगरख्याच्या चुण्यांत बरोबर जाऊन बसतो आणि सावली पडल्यासारखी दिसते. पण तोच रंग ढालीवर वाळला की मधे फिकट आणि भोवती गडद कडं. असं का? (हिंगण्यात रोमन शिपाई कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातला, ब्रह्मपुरीला सापडलेला, रोमन व्यापारातून आलेला कांस्याचा सागरदेव पोसायडन बघून यावा.)

पाण्याच्या जगात २.७ मिलिमीटरच्या आसपास एक सीमा आहे. तिच्या वर गुरुत्वाकर्षणाची सत्ता चालते, तिच्या खाली पृष्ठताणाची. खऱ्या सैनिकाच्या अंगावरून पावसाचं पाणी ओघळून पायाशी येतं. २८ मिलिमीटरच्या शिपायाच्या चुण्या मात्र एक मिलिमीटरही रुंद नसतात. तिथे रंग उतार बघत नाही, फट बघतो. शिपाई उलटा धरला तरी तो चुणीतून हलत नाही. शिपायाचं माप कमी केलं म्हणून पाण्याचा स्वभाव बदलत नाही, आणि रंगवणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडतं.

ढाल सपाट असते, तिथे शिरायला फट नाही. थेंबाची कड पृष्ठभागाच्या खरखरीत अडकून बसते आणि वाफही कडेलाच जास्त वेगाने होते. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण ओढून नेतं. सांडलेल्या चहाच्या थेंबाचा डाग असाच पडतो. पिढ्यान् पिढ्या लोक हा डाग पुसत आले, पण त्याचा नीट उलगडा झाला १९९७ साली. शिकागोच्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी तो ‘नेचर’मध्ये मांडला.

यावर घरगुती उपाय म्हणजे रंगात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा अगदी टाचणीच्या टोकाएवढा थेंब. पृष्ठताण निम्म्यावर येतो, ढालीवर टपोरा थेंब उभा राहत नाही आणि रंग पातळ पसरतो. साबण जास्त झाला तर फेस होतो. कडं पूर्णपणे जाईलच असं नाही. उरलेला रंग ओला असतानाच ओलसर कुंचल्याने टिपून घ्यावा. ‘आपोआप सावल्या पाडणाऱ्या’ महागड्या बाटल्यांत याहून फार वेगळी जादू असेल, असं मला वाटत नाही.

साबणाचा विषय निघाल्यावर अग्नेस पोकेल्सला वगळून पुढे जाणं मला जमत नाही. जन्म १८६२. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम. मुलींना विद्यापीठाचं दार बंद. धाकटा भाऊ फ्रीडरिश भौतिकशास्त्र शिकायला गेला, त्याने पाठवलेल्या पुस्तकांवर हिचा अभ्यास. खरकट्या पाण्याकडे बघून तिला प्रश्न पडला, की तेलकटपणाने पाण्याचा वरचा पापुद्रा नेमका किती ढिला होतो? तिने पत्र्याचं एक पन्हळ घेतलं, त्यावर सरकणारी धातूची पट्टी ठेवली आणि पाण्याला टेकवलेलं एक छोटं बटण वर ओढायला किती जोर लागतो तो तराजूने मोजला. झालं उपकरण! १० जानेवारी १८९१ रोजी तिने हे सारं इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेलींना पत्राने कळवलं. ते जर्मनमध्ये होतं, रेलींच्या पत्नीने त्याचं भाषांतर केलं, आणि रेलींनी स्वतः शिफारस करून ते ‘नेचर’कडे धाडलं. १२ मार्चच्या अंकात ते छापून आलं. असा दिलदारपणा आजच्या संशोधकांतही नेहमी आढळतो असं नाही.

पुढे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी तेच पन्हळ सुधारून वापरलं. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चं नोबेल त्यांना मिळालं आणि आज प्रयोगशाळांत त्या पन्हळाला नाव आहे ते लँगम्यूरचं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगने पोकेल्सबाईंना मानद डॉक्टरेट दिली, वयाच्या सत्तरीत.

वाचकाने जाता जाता आणखी एक विचारलं आहे: शिपायाच्या पायाखालच्या चकतीवर शेतातली माती लावली तर तडे का जातात? हिंगण्याची काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची. ओली असताना तिच्या पापुद्र्यांमधे पाणी शिरतं. वाळताना उरलेलं पाणी कणांना एकमेकांकडे खेचतं. खेचणारा पुन्हा तोच पृष्ठताण. माती आक्रसते, पण खाली चकतीला चिकटलेली असल्याने तिला सरकता येत नाही, म्हणून फाटते. त्यापेक्षा मुरूम चहाच्या गाळणीने चाळून फेव्हिकॉलवर भुरभुरावा. त्याचे कण फुगत नाहीत, आणि २८ मिलिमीटरच्या माणसापुढे ते चांगले दगडधोंडे दिसतात. काळी माती किल्ल्यासाठी राखून ठेवावी. तिथे तडे गेले तरी अळीव उगवून आला की झाकले जातात.