चाळिशीनंतरची सेमिनरी

‘‘अपोलोजेटिक्स? म्हणजे माफी मागायला शिकवतात का गं तिथे?’’ सासूबाईंनी विचारलं. त्यांचं काही चुकलं नाही, शब्दच तसा आहे. मूळ ग्रीक ‘अपोलोगिया’ म्हणजे कोर्टात आपली बाजू मांडणं. आपण जे मानतो ते का मानतो, हे कारणं देऊन सांगायचं. मराठीत धर्मसमर्थन म्हणू या. लेकीची बारावी आणि बचत गटाच्या बैठका सांभाळून मी पुण्यातल्या एका सेमिनरीत संध्याकाळी हा विषय शिकते, जोडीला नीतिशास्त्र.

वर्गात बहुतेक तरुण मुलं, उद्याचे पाळक. त्यांना वाद जिंकायची भारी हौस! पेत्राच्या पत्रातलं जे वचन या विषयाचा पाया मानतात, त्यात विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं आहे. पण ते सौम्यतेनं आणि आदरानं, हेही लगेच पुढे आहे. मुलं पहिलाच भाग पाठ करतात.

मला मात्र इथे आपल्या पंडिता रमाबाई नव्यानं भेटल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, एवढं बऱ्याच जणींना ठाऊक असतं. त्यानंतरची त्यांची पत्रं वाचायला हवीत. सिस्टर जेराल्डिन यांचं म्हणणं, चर्च शिकवतं ते मान्य कर. रमाबाई त्रैक्याविषयी, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी विचारतच राहिल्या. पुरोहितांचं जोखड टाकून आलेली बाई दुसरं कसं मानेवर घेईल? सिस्टरना तो गर्व वाटला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्रिन्सिपल डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंकांना धीरानं पत्रोत्तरं दिली. छोट्या मनोरमाला धर्माचं काय शिकवायचं, यावरही रमाबाई अडून बसल्या. आणि याच बाईंनी पुढे केडगावला हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणलं!

आमच्या वर्गात ‘दुःखाचा प्रश्न’ चालू होता. देव चांगला आणि सर्वशक्तिमान, मग दुःख का? संत ऑगस्टीन म्हणतात, वाईट ही वेगळी वस्तू नाही, चांगल्याचा अभाव आहे. वहीत चार पानं भरली. त्याच आठवड्यात गटातली एक बाई हप्त्याची मुदत मागायला आली. तिचा लहानगा महिन्यापूर्वी गेला होता. म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही देवाचं शिकता ना? माझं कुठलं पाप, तेवढं सांगा.’’

वहीतलं एक वाक्य तिच्यापुढे ठेवता येईना. ‘‘पाप नाही गं तुझं,’’ एवढंच म्हणाले.

नीतिशास्त्राच्या तासाला मी हे मांडलं. एक मुलगा म्हणाला, साक्ष द्यायची हीच वेळ होती. मला अजिबात पटलं नाही. कर्जाची वही माझ्या हातात. ती माझं बोलणं ऐकणार नाही तर काय करणार? मोकळेपणी ‘नको’ म्हणायची सोय नसेल, तर त्या ऐकण्याला काय अर्थ? तासभर वाद झाला, निकाल काही लागला नाही.

पुढच्या बैठकीनंतर ती थांबली. ‘‘पाप नाही, असं कोण म्हणतं?’’ योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही.

आधी तिच्या हप्त्याची पुढची तारीख लिहिली, वही कपाटात ठेवली. मग तिला ही गोष्ट सांगितली.