मोड नसलेली भांडी

पितळेचे पातेले चेपले, फुटले तरी त्याला मोड येते. तांब्याला येते, ॲल्युमिनियमला येते, रद्दीदेखील किलोवर विकते. चिनी मातीला मात्र मोड नाही. गेल्या दिवाळीत माळा झाडताना मला हे प्रथम कळले. भंगारवाल्याने बाकी सारे तराजूत टाकले, आजीची लोणच्याची बरणी, गाईच्या आकाराचे दुधाचे भांडे आणि बसलेल्या कोंबडीचे एक झाकण बाजूला सारून तो म्हणाला, "याचं काही नाही येत जी, बाई. ठेवा तुमच्याजवळच."

त्याचे खरेच होते. धातू वितळवून पुन्हा धातूच मिळतो. एकदा भाजलेली माती पुन्हा माती होत नाही. म्हणून या भांड्यांची किंमत वजनात नसते. ती अखंडपणात असते, आणि ती हवीशी वाटणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असते. हा डोळा तयार कसा करावा?

प्रथम भांडे उपडे करावे. तळाच्या शिक्क्यावर देशाचे नाव असेल तर काळ उमगतो. अमेरिकेच्या कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. तेव्हा जपानी कारखानदार 'निप्पॉन' लिहीत. १९२१ नंतर त्याजागी 'जपान' आले. 'ऑक्युपाइड जपान' असे असेल तर ते भांडे दुसऱ्या महायुद्धानंतरचे, जपान परकीय ताब्यात होता तेव्हाचे, म्हणजे १९५२ च्या आतले. नागपुरात असा परदेशी माल निघाला तर नवल वाटू नये. कामठीची छावणी १८२१ ची, १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले आणि १८६७ मध्ये येथे रेल्वे आली. साहेबांबरोबर त्यांची कपाटेही आली. आमची गाय व कोंबडी आजोबांनी सिव्हिल लाइन्समधल्या अशाच एका लिलावात घेतली होती.

मग बोटाच्या पेराने हलकेच वाजवावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. कडेवरून नख फिरवावे, उन्हात धरून पाहावे. मी हे केले नाही आणि पस्तावले. बाजारात दीडशे रुपयांना घेतलेल्या माशाच्या आकाराच्या किटलीचा कान घरी कोमट पाण्यात सुटून हातात आला. डिंक लावून वर रंग दिलेला होता! विकणाऱ्याला दोष काय द्यायचा? उजेड भरपूर होता, पाहणारी मीच आंधळी.

अशा गमतीच्या भांड्यांत गाय सर्वांत प्रसिद्ध. पाठीवरच्या भोकातून दूध भरायचे, शेपटीचा कान धरायचा, तोंडातून ओतायचे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ती आधी चांदीत झाली, मग स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी मातीत केली. आत हात जात नाही, धुता येत नाही, दूध नासते. म्हणून ती चुलीपासून उठून कपाटात गेली. आज स्टोक-ऑन-ट्रेंटच्या संग्रहालयात अशा सहाशेंवर गाई आहेत. आमच्या गाईचे एक शिंग मोडके आहे, तेव्हा तिला तिकडे जागा नसावी.

बरणीचे तसे नाही. ती दिसायला साधी, पण कामाला खरी. सुमारे १२०० अंशांवर भाजून तिची माती दगडासारखी होते. मीठ आणि आंबट तिला बाधत नाही, पितळ मात्र कळकते. आपल्याच विदर्भात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने मातीकामाचा हा उद्योग उभा केला. तळाचा शिक्का परदेशी नाही एवढ्यावरून बरणीला कमी लेखणे मला पटत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या रंगीत भांड्यांच्या रंगात किंवा झिलईत शिसे असू शकते, आणि आंबटाने ते उतरते. झिलईवर बारीक रेघांची जाळी पडली असेल तर तेलही आत मुरते. अशी भांडी पाहण्यापुरतीच ठेवावीत.

भावाचे म्हणाल तर झाकण, बशी, जोडी यांवर सारे अवलंबून. मिठाचा पक्षी आहे आणि मिरपुडीचा हरवला, तर उरलेल्याला कोणी विचारत नाही. आमच्या कोंबडीचेही तेच झाले. तिच्याखालची पिवळसर टोपली आजीच्या हातून कधीची फुटली. आजी तिच्यात लिंबे ठेवी. वीतभर लांबीची, वेताच्या विणीची नक्षी असलेली अशी टोपली कुणाच्या माळ्यावर कोंबडीविना पडली असेल, तर वाचकांनी मला अवश्य कळवावे.