बाळाची पहिली काळी शी

उसाला पाणी सोडले की तुम्ही चारीच्या कडेने एक चक्कर मारता. कुठे तुंबले, कुठे फुटले, ते वेळीच दिसले तर पीक हाती लागते. नवजात बाळाच्या पोटातली चारीही अशीच पहिल्या दिवशी बघायची असते. घोड आणि भीमेच्या काठच्या आपल्या शिरूर-दौंड भागात ही माहिती घरोघरी असावी, म्हणून हा लेख.

गर्भ चौथ्या आठवड्यात असतो, तेव्हा अनेक आयांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. त्याच सुमारास तोंडापासून तळापर्यंत एक साधी नळी तयार होते. श्वासनलिकाही तिच्यातूनच फुटते. सहाव्या आठवड्यात आतडे इतके वाढते, की इवल्या पोटात मावत नाही. ते नाळेत उतरते, दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत येते आणि या प्रवासात पाऊण फेरा वळून आपल्या जागी बसते.

या नळीची भिंत चार थरांची. आत अन्नरस शोषणारे मऊ अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्यांचा थर, मग स्नायूंचा थर आणि बाहेर पातळ वेष्टन. स्नायू दोन प्रकारचे : काही कड्यासारखे, काही लांबीने. त्यांच्यामधल्या मज्जापेशी अन्न पुढे ढकलण्याचा हुकूम देतात. या पेशी मानेकडून खाली सरकत बाराव्या आठवड्यापर्यंत तळाला पोचतात.

कुठे काय चुकते ?

अन्ननलिका श्वासनलिकेपासून नीट वेगळी झाली नाही, तर ती मध्येच बंद राहते. अशा बाळाच्या तोंडाला सारखा फेस येतो. पाजताच ठसका लागतो, ते निळे पडते. आतड्याचा फेरा अपुरा राहिला तर पुढे पीळ बसून त्याचा रक्तपुरवठा तुटतो. बाळ हिरवी ओकारी काढते. मज्जापेशी वाटेतच थांबल्या तर खालचे आतडे ढकलत नाही आणि पोट फुगते. हा आजार डेन्मार्कच्या हिर्शस्प्रुंग या डॉक्टरांनी १८८६ साली सविस्तर मांडला. सुमारे ५,००० बाळांमागे एकाला गुदद्वारच नीट तयार झालेले नसते.

घरी काय बघाल ?

बाळंतपण झाल्यावर बाळाचे गुदद्वार तपासले का, हे नर्सताईंना विचारा. पहिली काळी शी बहुतेक बाळांना २४ तासांत होते. झाली नाही, तर घुटी, एरंडेल किंवा साबणाची कांडी यांत वेळ घालवू नका. हिरवी ओकारी झाली तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. पीळ बसलेले आतडे काही तासांत काळे पडते. पाजणे थांबवा, बाळाला उबेत घ्या आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. शिरूर किंवा दौंडच्या सरकारी दवाखान्यातून पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठवले, तर लगेच निघा. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताचे सरकारी उपचार आणि प्रवास मोफत आहेत.

बंद अन्ननलिका एकाच शस्त्रक्रियेत जोडण्यात पहिले यश १९४१ साली अमेरिकेत आले. गुदद्वार नसेल तर बहुधा आधी पोटावर शीसाठी तात्पुरती वाट काढतात, काही महिन्यांनी खरा मार्ग करतात आणि शेवटी ती वाट बंद करतात. पोटावरची वाट पाहून घाबरू नका, आणि पुढच्या तारखा चुकवू नका.

शेवटी सासूबाईंना एक विनंती. सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, असे म्हणू नका. आईला कळण्याआधीच घडलेल्या गोष्टीत तिचा काय दोष ? त्या रात्री तिला बोल नकोत, सोबत हवी. बाळाला गोधडीत गुंडाळा आणि तिच्याबरोबर गाडीत बसा.