छाती ३६, पण अंग वेगळे

घरी स्वतःचे कपडे शिवताना सगळा भरवसा छातीच्या मापावर ठेवला जातो. ते अचूक घेतले की पोलके किंवा कुर्ता बसलाच पाहिजे, हा या कलेतला सर्वांत पक्का गैरसमज आहे. टेप छातीभोवती फिरते तेव्हा फक्त घेर कळतो. तो घेर पाठीत किती आणि पुढे किती, हे कळत नाही. दोघींची छाती ३६ इंच असू शकते. एकीची पाठ रुंद असते: बगलेच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत मागे १८ इंच, पुढेही १८. दुसरीची पाठ अरुंद असते: मागे साडेसोळा, पुढे साडेएकोणीस. एकाच कटिंगचे पोलके पहिलीला नीट बसते. दुसरीच्या मात्र गळ्याशी फट पडते, खांदा घसरतो आणि पुढची कड वर चढते.

याचे कारण कटिंगच्या हिशेबात आहे. मराठी शिवणवर्गांत प्रसिद्ध असलेल्या झारापकर पद्धतीसह अनेक पद्धतींत गळा, मुंढा अशी मापे छातीच्या भागाकारावरून काढली जातात. सरासरी अंगाला हा हिशेब उत्तम लागू पडतो. पण छाती भरलेली आणि हाडापेर लहान असेल, तर पुढच्या उभाराचे इंच गळ्यात आणि मुंढ्यातही वाटले जातात. म्हणून छातीची दोन मापे घ्यावीत: एक काखेलगत, उभाराच्या वरून, आणि दुसरे सर्वांत भरलेल्या जागी. दोन्हींत इंचभराचाच फरक असेल तर नेहमीचे कटिंग चालते. फरक तीन इंचांचा असेल तर गळा आणि मुंढा वरच्या मापावरून काढावेत आणि जास्तीची रुंदी फक्त पुढच्या भागात द्यावी. ती टक्समध्ये मुरते. त्याबरोबर पुढची उंचीही वाढवावी लागते, कारण उभारावरून जाणारे कापड सपाट अंगावरच्या कापडापेक्षा लांब लागते. खांद्यापासून उभाराच्या टोकावरून कमरेपर्यंतचे माप घेतलेच नाही, तर पोलके पुढून आखूड होणार हे ठरलेलेच. जुनी गाठीची चोळी अशा अंगांना सहज सामावून घेई, कारण तिचा ताण पुढच्या गाठीने कमीजास्त करता येई. हुकाच्या पोलक्यात ती सोय नाही, सगळे कटिंगमध्येच साधावे लागते.

शरीराचे सफरचंद, नासपती, वाळूचे घड्याळ असे प्रकार पाडून आपला प्रकार ओळखला की काम झाले, असेही मानले जाते. असे प्रकार कपड्याची शैली निवडायला थोडेफार उपयोगी पडतात, कात्री चालवायला मुळीच नाही. ते समोरून दिसणाऱ्या बाह्यरेषेवर बेतलेले असतात. फिटिंग बिघडते ते बहुधा बाजूने आणि मागून दिसणाऱ्या गोष्टींमुळे: पाठीचा बाक, पुढे झुकलेली मान, खांद्याचा उतार. उतरत्या खांद्यांवर गळ्यापासून काखेकडे तिरक्या चुण्या पडतात. खांदे चौकोनी असले तर मागच्या गळ्याखाली आडवी घडी येते. चुणी जिकडे निघते तिकडे लक्ष दिले, तर मापाच्या वहीपेक्षा जास्त कळते. दोन्ही खांदे सारखे असतात हेही गृहीत धरू नये. कापड दुमडून एकदम कापल्याने हा फरक लपतो आणि एका बाजूची चुणी काही केल्या जात नाही.

हात मोकळा हलत नसेल तर मुंढा खोल करावा, हा सल्ला जवळपास सगळीकडे मिळतो आणि तो उलटा आहे. उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातला केळापूर तालुका कापसाचा. वेचणीच्या दिवसांत बाया ओटी बांधून, वाकून, दोन्ही हात पुढे करून तासन् तास पराटीत काम करतात. या हालचालीत कपड्यावर ताण कुठे येतो ते नीट पाहण्यासारखे आहे. मुंढा खोल असला तर बाहीचा जोड काखेऐवजी बरगड्यांवर येतो. हात उचलला की तो जोड बाजूची शिवण ओढतो आणि अख्खे पोलके वर सरकते. मुंढा काखेच्या जवळ ठेवला, बाहीचा वरचा गोलावा कमी उंच आणि बाही दंडात रुंद काढली, तर हात फिरतो आणि पोलके जागेवर राहते. हात खाली सोडल्यावर काखेत थोड्या चुण्या दिसतात, ती या मोकळेपणाची किंमत. वेचणीला साडीवर घातला जाणारा पुरुषी शर्ट उन्हापासून वाचवतो आणि काचतही नाही. त्याला सैलपणा कारण आहे, तसाच बाहीचा कमी उंच गोलावाही. जुन्या धाटणीच्या कुर्त्यांत काखेत चौकोनी तुकडा शिवलेला असतो, त्याचे कामही हेच.

शिवाय बहुतेक वेळा अडचण मुंढ्यात नसतेच, पाठीत असते. हात पुढे घेतले की काखेपासून काखेपर्यंतची पाठ इंचभराहून अधिक रुंदावते. म्हणून पाठीचे माप हात सोडून एकदा आणि छातीपुढे हात बांधून एकदा घ्यावे. बसून किंवा ताठ उभे राहून काम करणारीला पहिल्या मापाच्या थोडे वर पुरते. शेतात वाकणारीला दुसऱ्या मापाजवळ जावे लागते. कपडा कोणत्या कामात घातला जाणार, हेही मापच समजले पाहिजे.

जुने मापाचे पोलके समोर ठेवून नवे कापणे सोयीचे असते. पण त्या पोलक्याचे माप अंगाचे माप नसते. त्यात अंगाबरोबर सैलपणा, धुऊन आटलेले सूत आणि आधीच्या शिवणातल्या चुका मिसळलेल्या असतात. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे: त्याच्या मापातून अंगाचे माप वजा केले, की घालणारीला किती सैल आवडते ते कळते.

छापील कागदी पॅटर्नबद्दल एक गोष्ट ठाऊक हवी. बुर्डा या जर्मन मासिकाचे स्त्रियांचे नेहमीचे साइज १६८ सेंटीमीटर उंची धरून काढलेले असतात. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. घेर जुळला तरी कंबर खाली येते, म्हणून छाती आणि कंबर यांच्यामध्ये कागदाला आडवी घडी घालून तो आखूड करावा. भारतीय अंगांचे स्वतःचे साइज ठरवण्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी २०१८ मध्ये ‘इंडिया साइज’ प्रकल्प जाहीर केला. मुंबईसह सहा शहरांत २५,००० जणांची मापे घेण्याची त्याची योजना होती.

आडव्या पट्ट्या जाड दाखवतात, ही समजूतही पक्की नाही. आडव्या रेषांनी भरलेला चौकोन अधिक उंच आणि अरुंद भासतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्येच नोंदवले होते. यॉर्क विद्यापीठातील प्रयोगांत स्त्रियांच्या आकृत्यांबाबतही तसेच आढळले.

शेवटी कापड. दोन धुण्यांनंतर कुर्ता आखूड झाला की दोष वाढलेल्या अंगाला दिला जातो. पण न धुतलेले सुती कापड तीन ते पाच टक्के सहज आटते, आणि बहुधा उभ्या धाग्याच्या दिशेने जास्त. ४० इंची कुर्त्यात चार टक्के म्हणजे दीड इंचाहून अधिक. कापड कापण्याआधी रात्रभर भिजवून, न पिळता वाळवून इस्त्री करावे. नव्या मापाचा पहिला प्रयोग स्वस्त मांजरपाटावर कच्च्या टाक्याने करून, घालून, हात पुढे घेऊन, वाकून पाहावा. चांगल्या कापडावर बाजूच्या शिवणीत इंचभर माया सोडावी, म्हणजे उसवून सैल करता येते.