जुन्या ट्रॅक्टरचा थकलेला हात

१९६३ सालीं महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी जुळली व तींतून बी-२७५ ट्रॅक्टर आला. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागेंत असें एखादें जुनें यंत्र खत उचलतां उचलतां अडलें, कीं मालक प्रथम पंपास दोष देतो. तो बहुधा उतावळेपणा ठरतो.

कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पोहोंचतो, हा पास्कलचा नियम. पंपानें रेटलेलें तेल सिलिंडरांतील दट्ट्या ढकलतें आणि लोडरचा हात उठतो.

हात झटके देत उठला व तेलास फेस आला, तर तेल कमी आहे किंवा नळींत हवा शिरते. पंप कण्हूं लागला, तर गाळणी तुंबलेली असावी. तेल दुधाळ दिसलें, तर त्यांत पाणी आहे. उचललेला हात आपोआप खचतो, तेव्हां दट्ट्याचें सील किंवा झडप गळते. रिकामी बकेट उठते, भरलेली उठत नाहीं, तर दाब सोडणारी झडप पाहावी. पंप सर्वांत शेवटीं.

मात्र तपासणीपूर्वीं बकेट जमिनीस टेकवावी, एंजिन बंद करून लिव्हर हालवावा व कोंडलेला दाब सोडावा. उचललेल्या बकेटखालीं कदापि शिरूं नये. यंत्र चालू असतां गळती बोटानें चांचपूं नये. तेलाची बारीक धार कातडी भेदते. पुठ्ठा धरावा. पंप पुन्हा मिळेल, हात मिळणार नाहीं.