बहात्तर गावांचे स्वराज्य

राष्ट्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नकाशातला एखादा ऐसपैस रंगीत तुकडा उभा राहतो. लहानशा मुलखाला राष्ट्र म्हणावे, हे मनाला पटतच नाही. मी राहतो इगतपुरीला. थळ घाटाच्या माथ्यावरचे हे रेल्वेचे गाव पावसाळ्यात ढगांत बुडालेले असते, आणि त्या दिवसांत ओसरीवरच्या गप्पांना ऊत येतो. यंदा श्रावणात अशाच एका बैठकीत शेजारचे निवृत्त गार्डसाहेब म्हणाले, "अहो मास्तर, खेड्यातल्या माणसांना राज्य चालवता आले असते, तर मग काय हवे होते?"

मी म्हटले, "चालवले होते की! आणि आपल्या तालुक्याहून कमी गावांच्या राज्यात!"

आमच्या इगतपुरी तालुक्यात शंभराहून अधिक गावे आहेत. मी सांगत होतो त्या औंध संस्थानात होती अवघी बहात्तर. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. तीही सलग नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापुराकडचे गुणदाळ अशी विखुरलेली. वर इंग्रजांची सत्ता होतीच. पण गादी, खजिना, कचेरी आणि न्यायासन औंधचे स्वतःचे होते. या चिमुकल्या राज्याच्या आयुष्यातले १९३९ हे साल मला फार मोलाचे वाटते.

गादीवर होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, स्वतः चित्रे काढणारे, कीर्तनाला उभे राहणारे हे राजे. किर्लोस्करांचा कारखाना १९१० साली वसला तो त्यांच्याच मुलखात. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीलाही त्यांनी मोठे साहाय्य केले. पण या साऱ्याहून मोठे दान पुढे व्हायचे होते. वयाची सत्तरी गाठल्यावर, १९३८ च्या नोव्हेंबरात, त्यांनी जाहीर केले की राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवायचा!

या निर्णयामागे एका परदेशी माणसाचा हात होता. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडमध्ये जन्मलेला इंजिनिअर. बंगळूरला नोकरी करता करता तो गांधीजींच्या विचारांकडे ओढला गेला आणि भारतानंद या नावाने इथलाच झाला. राजपुत्र आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून आलेले. दोघे सेवाग्रामला गेले, गांधीजींनी घटनेच्या कामात लक्ष घातले. राजाने स्वतः साधेपणाने राहावे, हा त्यांचा आग्रह. नुसत्या कागदावर अधिकार देऊन भागत नाही, देणाऱ्याची राहणीही बदलावी लागते, हे त्यामागचे मर्म.

२१ जानेवारी १९३९ रोजी ही घटना अमलात आली. रचना खालून वर जाणारी. आधी गावची पंचायत, पंचायतींतून तालुक्याची समिती आणि त्या समित्यांतून राज्याचे विधिमंडळ. गावचा तंटा गावातच मिटवण्याचा अधिकार पंचायतीला मिळाला. ज्या कुणब्याने आजवर सरकार म्हणजे फक्त वसुलीला येणारा कारकून पाहिला होता, त्याच्या दारात आता सरकार बसू लागले.

गावकीतले तट, भाऊबंदकी आणि वतनदारांचा तोरा काही राजाज्ञेने एका दिवसात जात नाहीत. पण पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावेच लागते. लोक आधी लायक होऊ देत, मग अधिकार देऊ, असे म्हणणारा सत्ताधारी तो मुहूर्त कधी काढीत नाही. औंधच्या राजाने तो काढला, हे त्याचे वेगळेपण.

त्याच वर्षी बाहेर काय चालले होते, तेही पाहावे. मार्चमध्ये गांधीजी राजकोटला उपोषणास बसले, कारण तिथल्या ठाकूरसाहेबांनी प्रजेला दिलेला शब्द पाळला नव्हता. त्याच महिन्यात हिटलरने झेकोस्लोव्हाकिया गिळला. १ सप्टेंबरला त्याच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि महिनाभरात ते राष्ट्र नकाशावरून पुसले गेले. फ्रिडमनची जन्मभूमी अशी नाहीशी होत असताना माणदेशाच्या माळावर मात्र त्याच्याच खटपटीतून खेडुतांचे स्वराज्य रुजत होते. त्याच्या मनात तेव्हा काय उलथापालथ होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

याच प्रयोगात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. हा तुरुंग, पण त्याला भिंत नाही! शिक्षा झालेल्या माणसांनी तिथे शेती करावी आणि मोकळेपणी राहावे. आमच्या पिढीला ही कथा ठाऊक झाली ती 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामुळे. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि ते स्वतः औंध संस्थानातल्याच मातीत वाढलेले.

पुढे १९४२ च्या धामधुमीत कुंडलच्या परिसरात प्रतिसरकार उभे राहिले. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. लहान नदी मोठ्या नदीला मिळावी तसे ते राज्य संपले.

मागल्या हिवाळ्यात मी मुद्दाम औंधला जाऊन आलो. यमाईच्या डोंगरावर राजेसाहेबांनी उभारलेले संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याच्या चित्रांपुढे लोक थबकतात, हेन्री मूरच्या मायलेकराच्या शिल्पाभोवती फिरतात. ते सारे पाहण्याजोगे आहेच. पण मला राहून राहून वाटत होते की या राजाची सर्वांत मौल्यवान वस्तू कोणत्याही दालनात ठेवता येणार नाही. ती म्हणजे त्याने सोडलेली सत्ता.

औंधनंतर चोपन्न वर्षांनी, १९९३ साली, पंचायतींना देशाच्या संविधानातच हक्काचे स्थान मिळाले. आज आमच्या तालुक्यातल्या लहानशा पाड्यावरचा माणूसही ग्रामसभेत उभा राहून जाब विचारू शकतो. विचारतो का, हा प्रश्न निराळा. राजाने आपले काम १९३९ मध्ये केले. उरलेले काम प्रजेचे आहे.